इंजिन बांधून आणलं आणि काटा खाली येतोय? नव्या बोटवाल्यांसाठी

ऑगस्टचा पहिला आठवडा, बोट नुकती पाण्यात लोटलेली, बर्फ भरायचा बाकी, आणि आम्ही चौघं इंजिनच्या खणात वाकून एका काट्याकडे बघत बसलेलो. थंड असताना ऑइल प्रेशर ५५ पीएसआय, अर्ध्या तासाने इंजिन तापलं की आयडलला ८. मिस्त्री म्हणाले, "नवीन बांधलंय रे बाळा, बसेल हळूहळू." बाबांनी मान हलवली, मी पण हलवली. आता कळतं की नवीन इंजिनात बसतात त्या रिंगा, बेअरिंग बसत नाही, बेअरिंग फक्त झिजतं. नव्या बेअरिंगवर तर प्रेशर चांगलं जास्तच दिसायला हवं.

तर ज्यांनी पहिल्यांदाच बोट घेतलीय, किंवा वडिलांची हातात आलीय, आणि ज्यांचं इंजिन लेथवरून, म्हणजे मशीनवर घासून-बोअर करून, येऊन फिट झाल्यावर त्रास देतंय त्यांच्यासाठी हे लिहितोय. आमचं सहा सिलिंडरचं लेलँड आहे, आपल्याकडे ट्रॉलरवर तेच जास्त दिसतं, पण पद्धत कुठल्याही डिझेलला तीच.

एक गोष्ट आधीच सांगतो. आपल्याकडे इंजिनची कामं निघतात पावसाळ्यातल्या मासेमारी बंदीत. १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस, सगळ्यांच्या बोटी एकदमच वर आणि सगळ्यांच्या क्रँक एकदमच ग्राइंडिंगला, मग लेथवाल्याकडे ढीग लागतो, प्रत्येक जण रोज फोन करतो "झालं का, झालं का", आणि जुलैच्या शेवटच्या आठवड्यात जे काम होतं ते कसं होतं हे सांगायला नको. आम्ही २० जुलैला क्रँक दिली होती, म्हणजे थोडी चूक आमचीही.

सगळ्यात आधी: बंद करा आणि लिहून काढा

काहीतरी गडबड दिसली की इंजिन बंद करा. "अजून जरा चालवून बघू" यात सगळ्यात जास्त पैसे जातात, कारण जिथे नुसतं बेअरिंग बदलून भागलं असतं तिथे दहा मिनिटांत क्रँक जाते. आणि लगेच स्पॅनर घेऊन हेड उघडायलाही बसू नका, उघडलं की पुरावा गेला.

वही घ्या. त्रास थंड असताना आहे की तापल्यावर? आयडलला की रेस दिल्यावर की लोडवर, म्हणजे गिअर टाकून पंखा (बोटीचा प्रोपेलर) फिरायला लागल्यावर? पहिल्या सेल्फपासून आहे की चार तास बरं चालून मग सुरू झालं? धूर कुठल्या रंगाचा? एवढ्या चार ओळींवरून अर्धं निदान होतं. पहिल्या मिनिटापासून प्रेशर शून्य असेल तर ती ऑइल पंप, सक्शन किंवा गॅलरीच्या (ब्लॉकमधल्या ऑइलच्या वाटांच्या) प्लगची भानगड. थंड असताना ठीक आणि तापल्यावर पडतंय तर क्लिअरन्स (क्रँक आणि बेअरिंगमधली फट) जास्त. बोट लाटेवर कलली की काटा नाचतोय तर आधी ऑइलची लेव्हल बघा, मग सक्शन पाइप.

मग लेथवाल्याला सोडून बाकी सगळं तपासा

हे ऐकायला आवडत नाही, पण बांधणीनंतर येणाऱ्या तक्रारींतल्या बऱ्याच लेथच्या नसतातच, फिटिंगच्या असतात. सेल्फ मारून इंजिन घेत नसेल तर डिझेलमध्ये एअर आहे का बघा, बंदीत टाकी रिकामी राहिली, फिल्टर बदलले, पाइप सुटले, एअर असणारच. फिल्टरच्या डोक्यावरचा स्क्रू ढिला करून हातपंप मारा, बुडबुडे थांबून सलग डिझेल आलं की घट्ट करा, मग नोझलकडचे नट. इथे एक सावधगिरी: ज्यांच्या बोटीला एक्झॉस्टमध्ये समुद्राचं पाणी सोडलेलं असतं त्यांनी सेल्फ मारत बसताना सी-कॉक (समुद्राचं पाणी आत घ्यायचा कॉक) बंद ठेवायचा. इंजिन चालू नाही, धूर पाणी बाहेर ढकलत नाही, पण सेल्फबरोबर पाण्याचा पंप फिरतोय, मग ते पाणी मफलर भरून उलटं सिलिंडरमध्ये उतरतं आणि पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. नवीन बांधलेल्या इंजिनाचे पहिल्याच दिवशी हाल. आणि इंजिन लागलं की लगेच कॉक उघडायचा, नाहीतर पंपाचं रबरी इम्पेलर सुकं फिरून फाटतं.

सगळी बोट थरथरतेय? क्रँकचं बॅलन्सिंग बिघडलं असं मिस्त्री छातीठोक सांगतील. आधी गिअर न्यूट्रलला टाकून तीच रेस द्या. न्यूट्रलला शांत आणि गिअर टाकल्यावर थरथर, म्हणजे शाफ्ट, कपलिंग किंवा पंखा. इंजिन चेनपुलीने बेडवरून उचलून परत ठेवलंय तर ते होतं त्याच जागी बसलं असेल असं समजू नका. कपलिंगचे बोल्ट काढा, दोन्ही तोंडं जुळवा आणि वर, खाली, डावीकडे, उजवीकडे फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घालून बघा, फरक कपलिंगच्या दर इंच व्यासाला एक थाऊपेक्षा (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) जास्त नको, म्हणजे सहा इंची कपलिंगला सहा थाऊ, साधारण ०.१५ मिमी. आणि हे बोट पाण्यात असतानाच करायचं. वर ठेवलेल्या बोटीचा सांगाडा वेगळा बसतो, पाण्यात गेली की वेगळा, म्हणून किनाऱ्यावर केलेल्या अलाइनमेंटला अर्थ नाही, लोटल्यावर एक-दोन दिवस जाऊ द्यायचे आणि मग गेज घालायचा.

काळा धूर आणि इंजिन पूर्ण आरपीएम घेत नाही, तर बंदीत पंखा बदलला का ते आठवा. मोठ्या पिचचा पंखा लावला की कितीही चांगलं बांधलेलं इंजिन दमतं.

एकेक सिलिंडर तोडून बघणं

ठोका येतोय किंवा इंजिन हलतंय, पण कुठल्या सिलिंडरचं ते कळत नाही, तर जुनी युक्ती. आयडलपेक्षा थोडी जास्त रेस ठेवा आणि एकेका नोझलचा हायप्रेशर नट जरासा ढिला करा, म्हणजे त्या सिलिंडरला डिझेल मिळणार नाही. चांगला सिलिंडर तोडला की इंजिन लगेच खाली बसतं, आवाज बदलतो. ज्याचा नट ढिला करूनही काही फरक पडत नाही तो कामच करत नव्हता. आणि ज्याला तोडल्यावर ठोका कमी होतो त्याच्या खालचं बेअरिंग, पिस्टन पिन किंवा नोझल संशयात. डोळ्याला चष्मा लावा आणि नटावर फडकं गुंडाळा, त्या दाबाचं डिझेल कातडी भेदून आत जातं, दिसायला टाचणीएवढी जखम असते पण पुढे बोट कापायची वेळ येते. हात नोझलच्या पाइपसमोर कधीच नाही. आणि आजकालच्या कॉमन रेल इंजिनात हा प्रकार करायचाच नाही, तिथला दाब फार वेगळा, ते काम स्कॅनरवाल्याचं.

संशयित नोझल शेजारच्या सिलिंडरच्या नोझलशी अदलाबदल करा. त्रास नोझलबरोबर सरकला तर नोझल, तिथेच राहिला तर खालचं काम.

आता ऑइल प्रेशर, ज्याच्यासाठी मी एवढं लिहायला बसलो

क्रम पाळा, स्वस्तातलं आधी. वायरवाल्या मीटरवर भरवसा नको, ब्लॉकला थेट पाइपने जोडलेलं मेकॅनिकल गेज लावा, स्वस्तात मिळतं. आमचं गेज पण तेच म्हणालं, ८. मग ऑइल बोटावर घेऊन हुंगा, डिझेलचा वास आला आणि लेव्हल वाढलेली दिसली तर पंपातून किंवा नोझलमधून डिझेल खाली उतरतंय आणि ऑइल पातळ होतंय. लेव्हल वाढलेली असताना इंजिन चालवूच नका, ते ऑइल ओढून स्वतःच पळत सुटतं आणि मग डिझेल बंद करूनही थांबत नाही, हवेचं तोंड फळीने दाबूनच मारावं लागतं. ऑइल दुधाच्या चहासारखं झालंय तर पाणी, आणि ते चाखून बघायचं (हसू नका, थेंबभर जिभेला लावून थुंका). खारट असेल तर बहुतेक ऑइल कूलर फुटलाय, त्यात लेथवाल्याचा काही संबंध नाही.

मग रिलीफ व्हॉल्व्ह, जास्तीचं ऑइल प्रेशर सोडून देणारा. एवढासा कचरा अडकला की तो उघडाच राहतो. काढा, धुवा, स्प्रिंग दाबून बघा. कचरा निघाला तर तो कुठून आला हा पुढचा प्रश्न, कारण लेथवर ब्लॉक धुताना गॅलरीचे प्लग काढून आत ब्रश घालायचा असतो आणि बरेच जण नुसती वरून हवा मारून देतात, बोअरिंगचा सगळा भुगा आत तसाच. याच्या उलटही होतं, प्लग काढतात आणि एखादा परत बसवायचा विसरतात, तो नेमका टायमिंग कव्हरच्या आत असतो, बाहेर एक थेंब गळत नाही आणि प्रेशर मात्र चढत नाही.

आमच्यात हे काही निघालं नाही. मग संप (इंजिनखालची ऑइलची परात) काढायचा ठरलं, आणि ट्रॉलरवर संप काढणं म्हणजे परत चेनपुली, परत माउंटिंग सोडा, परत शाफ्ट सोडा. पूर्ण दिवस गेला. बाजूच्या बोटी बाहेर पडत होत्या आणि आम्ही खणात.

चार नंबरच्या मेन बेअरिंगची टोपी काढली आणि खालचा शेल (बेअरिंगची अर्धगोल पट्टी) हातात घेतला तेव्हा मिस्त्री गप्पच झाले. शेलचा पृष्ठभाग सगळीकडे सारखा राखाडी असायला हवा, इथे एका काठाला करंगळीच्या नखाएवढी तांब्याची लाल पट्टी उघडी पडलेली आणि दुसरा काठ नवा कोरा, जणू तिथे क्रँक टेकलीच नाही. नखाने घासलं तर लाल बाजूला बारीक रेघा लागत होत्या. इंजिन चाललं होतं एकूण सहा-सात तास.

असा एका काठाने खाल्लेला शेल म्हणजे जर्नल (क्रँकचा बेअरिंगमध्ये फिरणारा भाग) निमुळती घासली गेली आहे, किंवा ब्लॉकमधलं बेअरिंगचं भोक सरळ रेषेत नाही. दोन्हीही मशीनचंच काम. क्रँक बाहेर काढून ओळखीच्या एका टर्नरकडून मायक्रोमीटर आणला. मापायची पद्धत अशी: प्रत्येक जर्नलला चार मापं, डाव्या टोकाला उभं आणि आडवं, उजव्या टोकाला उभं आणि आडवं. उभ्या-आडव्यातला फरक म्हणजे अंडाकृती, दोन टोकांतला फरक म्हणजे निमुळती. चालतं किती? कंपनीचं मॅन्युअल बघा, पण ०.०२ मिमीच्या पुढे गेलं की मी तरी परत घेणार नाही. आमची चार नंबर दोन टोकांत ०.०६ ने वेगळी होती. बाकीच्या ठीक. म्हणजे ग्राइंडिंगचं चाक घासून सरळ केलेलं नव्हतं किंवा कारागिराने त्या जर्नलला मधोमध एकच माप घेतलं आणि "झालं" म्हणाला.

मायक्रोमीटर नसेल तर प्लास्टिगेज मिळतं, मेणासारखा बारीक धागा, तो जर्नलवर क्रँकच्या लांबीच्या दिशेने ठेवायचा, टोपी टॉर्कने घट्ट करायची, क्रँक अजिबात न फिरवता परत उघडायची आणि चपटा झालेला धागा पाकिटावरच्या पट्टीशी जुळवायचा. जेवढा रुंद तेवढं क्लिअरन्स कमी. ढोबळ हिशोब दर इंच व्यासाला एक थाऊ, म्हणजे तीन इंची जर्नलला तीन थाऊच्या आसपास. धागा एका टोकाला रुंद आणि दुसऱ्या टोकाला अरुंद झाला तर निमुळती तिथेच डोळ्याला दिसते. चाळीस मिनिटांचं काम. जुलैत केलं असतं तर ऑगस्ट वाचला असता.

अजून एक, जर्नलच्या कोपऱ्यात जी गोलाई असते ती ग्राइंडिंगनंतरही राहिली पाहिजे. काटकोनी कोपरा दिसला तर ती क्रँक फिट करू नका, तिथूनच तडकून तुटते. ती तुटायची ती भर समुद्रात, फुल लोडवर.

वर ऑइल पोचत नाही?

हे आमच्या चुलतभावाच्या बोटीवर झालं. प्रेशर उत्तम, पण टॅपेट कव्हर उघडलं तर रॉकर सुके. बऱ्याच पुशरॉडच्या इंजिनात वर जाणारं ऑइल कॅमच्या एका बुशमधल्या भोकातून जातं, आणि लेथवर नवीन बुश ठोकताना ते भोक ब्लॉकच्या भोकासमोर आणलंच नव्हतं, अर्धं झाकलेलं. म्हणून कॅम बुश बसवून आला की प्रत्येक भोकात तार घालून बघा, आरपार गेली पाहिजे.

हेडचं काम

हेड फेसिंग करून (खालची बाजू घासून सपाट करून) आणलं की ते पातळ होतं, तेवढं नोझलचं टोक आणि व्हॉल्व्ह पिस्टनच्या जवळ येतात. नोझलखालचा तांब्याचा वॉशर जुन्या जाडीचाच का, व्हॉल्व्ह सीटमध्ये किती खोल बसलेत, हे विचारा. व्हॉल्व्ह फार खोल गेले तर कॉम्प्रेशन कमी आणि सकाळी पांढरा धूर, फार वर आले तर पिस्टनला टेकतात. पिस्टन आणि हेडमधली जागा मोजायला पिस्टनच्या डोक्यावर ग्रीसने सोल्डरची तार चिकटवा, हेड जुन्या गॅस्केटसकट कसा, इंजिन हाताने एक फेरा फिरवा, उघडा आणि चेपलेली तार मोजा. जुनं गॅस्केट आधीच दबलेलं असतं तेवढा फरक हिशोबात धरा. हाताने फिरवताना कुठे अडलं तर जोर लावू नका.

हेडर टाकीत (इंजिनच्या गोड्या पाण्याच्या टाकीत) थंड इंजिन चालू केल्या केल्या बुडबुडे येत असतील तर गॅस्केट किंवा लायनरची (सिलिंडरच्या आतल्या नळीची) उंची. लायनर ब्लॉकच्या वर थोडे उठलेले हवेत आणि शेजारी-शेजारी सारखेच, एक जरी खाली बसला तरी गॅस्केट तिथे दाबलं जात नाही. तापल्यावरच बुडबुडे येत असतील तर हेडला तडा. फेसिंगच्या आधी प्रेशर टेस्ट केली का हे विचारायचं, नंतर नाही.

रिंगा आणि निळा धूर

पहिले काही तास ब्रीदरमधून (इंजिनच्या आतली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून) थोडी वाफ मारणारच. वीस-तीस तासांनंतरही ब्रीदर चुलीसारखा धूर फेकतोय आणि ऑइल खातंय तर होनिंग (लायनरला आतून बारीक रेघा पाडायचं काम) बघावं लागेल. लायनरवर तिरप्या फुलीच्या रेघा दिसल्या पाहिजेत, आरशासारखा गुळगुळीत लायनर असेल तर रिंगा कधीच बसणार नाहीत. कधी कधी हे आपणच करतो, नवीन इंजिन जेटीला बांधून तास-तासभर आयडलला ठेवतो, त्यानेच लायनर गुळगुळीत होतो. आणि होनिंगनंतर लायनर डिझेलने पुसून चालत नाही, गरम पाणी आणि साबण, ब्रश घेऊन, पांढरं फडकं पांढरंच निघेपर्यंत, मग लगेच ऑइल. डिझेल भुगा उचलत नाही, रेघांमध्ये बसवतं. हे मला मिस्त्रींनीच शिकवलं, त्यांच्यावर मी वर बराच राग काढलाय पण या बाबतीत माणूस पक्का.

लेथवाल्याशी बोलताना

भांडायला जाऊ नका, मापं घेऊन जा. आम्ही क्रँक, तो शेल आणि वहीचं पान घेऊन गेलो. तो आधी म्हणाला ऑइल हलकं टाकलं असेल. मी म्हटलं, "भाऊ, तुमच्याच मायक्रोमीटरने मोजा, आमच्यासमोर." त्याने मोजलं, परत मोजलं, मग चहा मागवला. पुढच्या साइजला, २० थाऊवरून ३० थाऊला (म्हणजे मूळ मापापेक्षा तेवढी बारीक), सगळ्या मेन फुकट घासून दिल्या, बेअरिंगचा सेट आम्ही घेतला. तरी नुकसान आमचंच, कारण क्रँकला घासायच्या साइज मोजक्या असतात, एक आयुष्य उगाच गेलं.

म्हणून काम देतानाच पावतीवर लिहून घ्या: कुठल्या साइजला घासणार, प्रत्येक जर्नलचं माप, ब्लॉक धुऊन प्लग परत बसवणार की नाही. आणि मेनच्या टोप्यांवर नंबर ठोकून द्या, टोपी त्याच जागी, त्याच तोंडाने, अदलाबदल झाली की भोक गोल राहत नाही.

परत बांधताना आणि पहिला स्टार्ट

मेनची एकेक टोपी टॉर्कने कसा आणि प्रत्येकीनंतर क्रँक हाताने फिरवा. जी कसल्यावर क्रँक जड झाली तीच गुन्हेगार, तिथेच थांबा, पुढची कसू नका. थ्रस्ट वॉशरची खाचांची बाजू क्रँककडे. ऑइल पंप बसवताना आत ऑइल भरून द्या. डिझेल बंद ठेवून सेल्फने फिरवा आणि गेज हलेपर्यंत चालू करू नका, दहा-पंधरा सेकंद फिरवायचं मग सेल्फला थंड होऊ द्यायचं.

चालू झालं की पहिली पंधरा-वीस मिनिटं एक माणूस फक्त गेजकडे बघेल, दुसरा गळती बघेल, तिसऱ्याचा हात डिझेल बंद करायच्या खटक्यावर. पाणी बाहेर पडतंय का बघा. मग बंद, लेव्हल, टॅपेट, आणि जेटीचे दोर सैल न करता गिअर टाकून बघा. त्यानंतर खाडीत, जेटी दिसेल एवढ्यातच, अर्ध्या ते पाऊण लोडवर दोन-तीन तास, रेस कमी-जास्त करत. थेट खोल समुद्रात जाऊ नका, दुसरी बोट ओढून आणेल हा हिशोब धरू नका, तिचा पण धंदा असतो.

पहिलं ऑइल लवकर बदला, आम्ही २५ तासांना बदलतो, आणि फिल्टर करवतीने कापून कागद उलगडून उन्हात धरा. चमचम दिसली तर चुंबक लावा, चिकटलं तर लोखंड, रिंग किंवा लायनर, नाही चिकटलं आणि लालसर आहे तर बेअरिंग. आमचा दुसऱ्या वेळचा फिल्टर कापला तेव्हा थोडा होनिंगचा काळा भुगा होता, लाल काही नाही. गरम आयडलला गेज २६ वर. मिस्त्री म्हणाले "बघ, बसलं की नाही," आणि मी काही बोललो नाही.